अळंबीची खोली

९ सप्टेंबर २०२४, सोमवार
अळंबीच्या प्रशिक्षणातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, रोज लिहीत जा. खोलीचं तापमान, ओलावा, पिशव्या किती भरल्या, काढणी कधी झाली. म्हणून ही वही. रामहरी भाजीवाल्याचा नंबर पहिल्याच पानावर लिहून ठेवलाय. तो शिर्डीच्या हॉटेलांना भाजी पुरवतो.

गाय विकल्यापासून मागचा गोठा रिकामाच होता. माझ्या नवऱ्याने, अमृतने, शोरूमच्या सुट्टीच्या दिवशी भिंतींना चुना मारला, खिडकीला ओलं बारदान लावलं, आढ्याला दोऱ्या बांधल्या. गव्हाचा भुसा रात्रभर भिजवला, ड्रममध्ये उकळला, निथळला आणि आज एकशेवीस पिशव्या भरल्या. गोठ्याचं दार स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत उघडतं, त्यामुळे घरबसल्या काम होणार आहे.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कुत्र्याच्या छत्र्या इकत घेऊन कोन खातं गं?"
मी म्हटलं, "शिर्डीत खातात."
"खात असतील बाई. पर आमच्या ताटात वाढू नको."
तापमान २७. मास्क आणायचा राहिला.

२८ सप्टेंबर, शनिवार
पिशव्या आतून पांढऱ्याशुभ्र झाल्या आहेत, कापूस भरल्यासारख्या. आज प्लास्टिक कापून काढलं. लेकीला, सायलीला, शाळेतून आल्यावर दाखवल्या, तर ती म्हणाली की भूत लटकलंय. दोन दिवस मला खोकला आणि डोकेदुखी आहे, भुशाची धूळ गेली असणार.

५ ऑक्टोबर, शनिवार
पहिली काढणी! अकरा किलो.

पण आनंद निम्माच झाला. आत्या सकाळी उठून माझ्या आधीच खोलीत शिरल्या होत्या. एकदा अळंबी कशी पिरगळून काढायची ते दाखवलं, तर त्यांचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायला लागला. नंतर म्हणाल्या, "तू भाईरचं बघ, फोन घे, डबे भर. आतलं मी बघते." आणि खोलीची किल्ली सरळ कमरेला लावली. आठ वर्षं झाली लग्नाला. स्वयंपाकघर त्यांचं, देवघर त्यांचं, आता खोलीसुद्धा त्यांचीच. परवापर्यंत नावं ठेवत होत्या.

अमृतला सांगितलं तर म्हणाला, "मदत होते ना? मग?"

१४ ऑक्टोबर, सोमवार
रामहरी स्वतः टेम्पो घेऊन आला. माल आवडला. पण हॉटेलवाल्यांना मोठी, पसरलेली छत्री हवी आहे, बशीत उठून दिसते म्हणे. शनिवार-रविवार साईबाबांची गर्दी, म्हणून माल शुक्रवारी. मॅडमनी सांगितलं होतं की कडा वर वळायच्या आत काढा. पण गिऱ्हाईक म्हणतं तसं करावं लागेल. दोन दिवस जास्त ठेवायचं ठरवलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
एकोणीस किलो. छत्र्या पंजाएवढ्या झाल्या आहेत. सकाळी आत्यांनी दार उघडलं तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात पांढरा धूर तरंगत होता. हात लावला की छत्रीखालून आणखी धूर सुटतो. फार सुंदर दिसलं, मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो धूर म्हणजे बीजाणू, अळंबीचं बी. फरशीवर पीठ सांडल्यासारखा थर बसतो. आत्यांनी केरसुणीने झाडून काढला.

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेतल्या. सकाळी टुणटुणीत होऊन उठतील.

१९ ऑक्टोबर, शनिवार
उठल्या. चहा केला, अंगण झाडलं. काही नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
बावीस किलो. ओलावा ८५. संध्याकाळी पुन्हा आत्यांना ताप, अंग मोडून आलं, कोरडा खोकला. देवळाली प्रवराच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून इंजेक्शन दिलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही दुसरं कोणी वाचत नाही. शुक्रवारीच कसं येतं आजारपण? शुक्रवारी टेम्पो येतो, रामहरी माझ्याशी बोलतो, मला विचारतो, "ताई, पुढच्या वेळी किती?" त्यांना कोणी विचारत नाही. मग संध्याकाळी सगळं घर त्यांच्या उशाशी.

१० नोव्हेंबर, रविवार
भाऊबीजेला पंकजावन्सं आल्या होत्या, जाताना आईला नेवाशाला घेऊन गेल्या. जुन्या पिशव्या संपल्या आहेत, नव्या अजून पांढऱ्या व्हायच्या आहेत, म्हणून मीही अडवलं नाही.

आज वन्संचा व्हिडिओ कॉल आला. आत्या अंगणात बसून वाटाणे सोलत होत्या, हसत होत्या. खोकला नाही, ताप नाही. वन्सं म्हणाल्या, "इथं आल्यावर तिसऱ्या दिवसापासून चांगली खातीये. तिकडं हाल होतात का गं आईचे?"
रेंज जाते म्हणून मी फोन ठेवला. इथे आजारी, लेकीकडे ठणठणीत. आणखी काय समजायचं?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
आत्या रविवारी परत आल्या. आज नव्या पिशव्यांची पहिली मोठी काढणी झाली, सव्वीस किलो. त्या चार तास आत होत्या. संध्याकाळी ताप एकशेदोन.

मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात अमृतला म्हटलं, "तुझ्या आईला माझं चाललेलं बघवत नाही. आधी कामात शिरायचं आणि मग आजारी पडून मला गुन्हेगार करायचं."
तो म्हणाला, "हळू बोल."
"का हळू बोलू?"
तो जेवण अर्धं टाकून उठला. मी जेवले.

३ डिसेंबर, मंगळवार
आत्यांचं पोलकं खांद्यावरून उतरायला लागलंय. नळावरून एक कळशी आणली तरी पडवीत बसतात आणि तोंडाने श्वास घेतात. आता ताप शुक्रवारपुरता राहिला नाही, खोकला रोजच आहे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डाग दिसतात म्हणाले, टीबी असू शकेल. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तरी मी सायलीला त्यांच्याजवळ झोपू देत नाही.

सायली रुसली. म्हणाली, "आजीच्या पाठीला कान लावला की माझ्या सँडलचा चिकटणारा पट्टा उघडल्यासारखा आवाज येतो. चर्रर्र." मी म्हटलं, कान लावू नकोस.

कामाला अडचण नको म्हणून खोलीत मी जाईन म्हटलं. आत्यांनी किल्ली दिली नाही. "माझं चाललंय," म्हणाल्या. हट्टीपणाची कमाल आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार. नगर
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.
सकाळी नऊला रामहरीचा टेम्पो आला. मी डबे आणायला खोलीत गेले तर आत्या भिंतीला टेकून खाली बसलेल्या होत्या. हातात छत्र्यांचा घोस होता. बोलायचा प्रयत्न करत होत्या, पण एका शब्दाला एक श्वास लागत होता. "दार... उघडं... ठेव." ओठ जांभळट झाले होते.

मी ओरडले. रामहरी धावत आला. त्याने टेम्पोतले सगळे क्रेट अंगणात उतरवले, आत गोधडी टाकली आणि राहुरी मागे टाकून थेट नगर गाठलं. पूर्ण वाट आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या केसांना पहिल्यांदाच हात लावला. टोपी घातल्यासारखे केस पांढरे दिसत होते. जवळून बघितलं तर निम्मा पांढरेपणा पुसून निघाला. ती भुकटी होती.

ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. अमृत शोरूममधून तसाच आला. सायली शेजाऱ्यांकडे आहे.

१६ डिसेंबर, सोमवार
सीटी स्कॅन झाला. छातीचे डॉक्टर आज सविस्तर बसले. वयाने फार मोठे नाहीत, पण घाई करत नाहीत. आत्या नाकात नळी लावून उशीला टेकल्या होत्या.

"घरात कबुतरं आहेत?"
"नाहीत," मी म्हटलं.
"कोंबड्या? पोपट? बुरशी आलेला चारा, सडलेला कडबा?"
"नाही. गाय विकली."
"धुळीचं, पावडरचं काही काम?"
"नाही हो. त्या घरीच असतात."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच काही आठवलं नाही. धूळ म्हणजे गिरणी, खडीक्रशर, कारखाना. आमची खोली तर रोज धुतलेली असते.

तेव्हा आत्या नळीच्या आडून म्हणाल्या, "आन् त्या छत्र्या?"
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसल्या छत्र्या, आजी?"

मी सांगितलं. गोठा, पिशव्या, शुक्रवारची काढणी. मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला, उन्हातला धूर. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग विचारलं, "ताप नक्की कधी यायचा? काढणीनंतर किती तासांनी? आठवेल तेवढं सांगा."

वही पिशवीतच होती, त्या सकाळी टेम्पोचा हिशोब लिहायला घेतली ती तशीच बरोबर आली होती. डॉक्टर म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. अठरा ऑक्टोबर, एकोणीस किलो, संध्याकाळी हुडहुडी. पंचवीस ऑक्टोबर, बावीस किलो, संध्याकाळी ताप. दहा नोव्हेंबर, नेवाशाला, खोकला नाही. बावीस नोव्हेंबर, चार तास, एकशेदोन. प्रत्येक नोंदीत थोडं वाचायचे आणि पुढच्या ओळींवरून डोळे खाली न्यायचे. आत्या माझ्याकडे बघत होत्या. माझं अक्षर इतकं ठळक आहे याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझं अर्धं काम करून ठेवलंय."
त्यांना कौतुकच करायचं होतं.

१८ डिसेंबर, बुधवार
डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, द्राक्षाच्या घडासारख्या. बीजाणू इतके सूक्ष्म की थेट तिथवर जातात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं, आणि त्या पिशव्यांना सूज येते. काम केलं की सहा-आठ तासांनी ताप. लांब गेलं की बरं. पुन्हा आलं की पुन्हा. असं महिनोन्महिने चाललं की सूज ओसरली तरी व्रण राहतात. टीबी नाही. नाटक तर नाहीच. हा शेवटचा शब्द माझा, डॉक्टरांचा नाही.

माझीही तपासणी केली. सध्या काही नाही.

दुपारी अमृत औषधं आणायला गेला. आम्ही दोघीच होतो. आत्या म्हणाल्या, "परवा वाचताना मधी मधी थांबत हुतीस. काय गाळलंस?"
मी वही पिशवीत आत सारली.
"ऱ्हाऊ दे. घर केवढं हाय आपलं? सैपाकघरातलं सगळं आयकू येतं मला."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग मीच विचारलं, "इतका त्रास होत होता तर किल्ली का नाही दिली?"
"तुला पयल्यांदा खोकला आला ना भुशाचा, डोकं धरून बसली हुतीस. म्हनलं, हिचं वय काय, पोर ल्हान. मी जाते आत." थोडा वेळ श्वास घेतला. "नंतर मलाच व्हाया लागलं. मग तर तुला कशी आत जाऊ देऊ?"
"मला सांगायचं होतं."
"सांगितलं आस्तं तर तू बंद केली आस्ती. न्हाईतर म्हनली आस्ती, ढोंग करती."

दोन्हीतलं मी काय केलं असतं, ते आम्हा दोघींना माहीत आहे.

२९ डिसेंबर, रविवार
काल घरी आणलं. स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळच्या नाश्त्यानंतर, हळूहळू कमी करायच्या. अमृतने तोंड बांधून सगळ्या पिशव्या लांब खड्ड्यात पुरल्या, खोली धुतली, पुन्हा चुना मारला. अंथरूण, पडदे, गोधड्या उकळल्या. घरात आता ब्लीचिंगचा वास आहे. त्याने आत्यांची खाट पुढच्या खोलीत हलवली.

६ जानेवारी २०२५, सोमवार
रामहरीचा फोन. एका नव्या हॉटेलला माल हवाय. तो वाईट माणूस नाही, आधी आत्यांची चौकशी केली, मगच विचारलं.

वस्तीच्या पलीकडे रखमाजींचं कोंबड्यांचं शेड रिकामं पडलंय. घरापासून एक किलोमीटर. डॉक्टर म्हणाले होते, घरात पुन्हा नको. हे घर नाही. मास्क लावीन, दोन लावीन. छत्र्या वेळेवर काढीन. कपडे तिथेच बदलीन. जे शिकले ते सोडून द्यायचं का? मला पहिल्यांदा कोणी "अश्विनीताई, तुमचा माल" असं म्हणालं होतं. शंभर पिशव्यांचा भुसा आजच भिजत घातला.

अमृत म्हणाला, "डॉक्टरांना विचारलंस?"
"विचारीन पुढच्या वेळी."
आत्यांनी विचारलं, "मास घेतला का चांगला?" त्या मास्कला मास म्हणतात.

२ फेब्रुवारी, रविवार
नऊ किलो. मास्क लावला होता, शेडवरच साडी बदलली, हातपाय धुतले. घरी आल्यावर आत्यांच्या पायांना तेल लावलं. स्टिरॉइडने पाय सुजलेत. त्या माझ्या खांद्याला धरून उठल्या, माझ्या गळ्यात तोंड घालून हसल्या. आता चालताना माझाच आधार घेतात.

३ फेब्रुवारी, सोमवार
काल संध्याकाळपासून आत्यांना कणकण. ऑक्सिजन एक्याण्णव. खोकला.
सकाळपासून मी स्वतःला सांगतेय की गारठा आहे, सायलीलाही सर्दी आहे, व्हायरल असेल. अर्धा दिवस मी देवाकडे मागितलं की व्हायरलच असू दे. आत्या बऱ्या होऊ दे असं आधी मागायला हवं होतं. हेही लिहून ठेवते.

दुपारी डॉक्टरांना फोन केला. शेडचं सांगितलं. ते रागावले नाहीत. विचारलं, "कपडे बदलले?"
"हो."
"केस धुतले?"

थंडीत रविवारी केस धुवायचा कंटाळा केला होता. वेणी तशीच होती.

"त्यांना आता एवढंसुद्धा पुरतं," ते म्हणाले. "तुमच्या घरातलं कोणीही ते काम करू शकत नाही. थोडं, लांब, मास्क लावून, असं काही नाही. समजलं ना?"

५ फेब्रुवारी, बुधवार
शेड रिकामं केलं. अमृतनेच केलं, मला जाऊ दिलं नाही, आणि नंतर रखमाजींकडेच डोक्यावरून आंघोळ करून आला. गारठ्यात कुडकुडत होता. वाटेत म्हणे दोघांनी विचारलं, "काय रे, बायकोचा धंदा बसला का?" तो म्हणाला, "आम्ही बसवला."

रामहरीला सांगितलं. म्हणाला, "ताई, माझा माल भरणारा एक जण असाच खोकतो. दुसरीकडून अळंबी येते ती तोच उचलतो. त्याला दाखवून आणू का?" मी डॉक्टरांचा नंबर दिला.

मॅडमनाही फोन केला. त्या म्हणाल्या, मास्कचं आणि वेळेवर काढणीचं सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. मास्कचं तर वहीत पहिल्याच दिवशी लिहिलंय. मी म्हटलं, पुढच्या तुकडीला मास्क का लावायचा तेही सांगा. काय होतं ते सांगा. हवं तर माझं नाव घ्या.

२४ मार्च, सोमवार
नगरला तपासणी. आज आत्यांची चालण्याची परीक्षा होती. लांब व्हरांडा, दोन टोकांना खुर्च्या. सहा मिनिटं जमेल तेवढं चालायचं, सिस्टर घड्याळ धरून. नातेवाइकांनी बोलायचं नाही, धरायचं नाही. मी बाकावर बसले.

"हितून तितं जायचं, तितून हितं यायचं. मंग काम काय हाय?" आत्यांनी सिस्टरला विचारलं.
"काम हेच, आजी."

त्या निघाल्या. पदर खोचलेला, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. पहिल्या तीन फेऱ्या घाईने मारल्या. चौथ्या मिनिटाला भिंतीला हात लावून थांबल्या. मी उठले. सिस्टरने हाताने खाली बसायची खूण केली. मी बसले, हात मांडीखाली दाबून धरले. आत्या भिंतीकडे तोंड करून उभ्या, पाठ वर-खाली होत होती. मग पुन्हा चालायला लागल्या. सहा मिनिटं संपली तेव्हा त्या व्हरांड्याच्या मधोमध होत्या. सिस्टर म्हणाली थांबा, तरी खुर्चीपर्यंत गेल्याच.

दोनशे सत्तर मीटर. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. सूज बरीच उतरली. व्रण आहेत ते राहणार, नळावरून कळशी आणणं आता विसरा. गोळी आणखी कमी केली.

परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडवर चहा घेतला. आत्या म्हणाल्या, "आता काय करनार तू?"
"काही नाही. घर बघीन."
त्यांनी कप बाकावर ठेवला.
"काई न्हाई म्हनू नको. फोनवर बोलाया तुला येतं, मानसं सांभाळाया येतं, वेळेवर माल द्याया येतं, आन् त्या रामहरीला काय छत्र्याच लागत्यात का, मेथी लागती, कोथिंबीर लागती, शेपू लागतो, ते घरोघरच्या बाया बांधाला लावत्यात आन् बाजारात मातीमोल घालत्यात, त्यांच्याकडून गोळा करून दे की त्याला, घरात बसून माझं तोंड बघत ऱ्हानार हायेस का तू!"

मी ऐकत होते की नाही सांगता येत नाही. मेथी-कोथिंबिरीचं उद्या बघू. इतकं सगळं त्या मला रागावल्या आणि मधे श्वासासाठी एकदाही थांबल्या नाहीत.